काकाजींची खारी टाकी

खोली बघायला गेले त्या दिवशी काकाजींनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठली तेही विचारलं नाही. माझ्या ओढणीकडे बोट दाखवून म्हणाले, "टोक दाखवा बरं." मी टोक पुढे केलं. त्यांनी त्यातला एक धागा उपसला, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ताणला, तोडला आणि मान हलवली.

"प्युअर कॉटन म्हून घेतली असन ना? मिक्स हाये, म्याडम. फसवलं तुमाले."

मग आत वळून ओरडले, "अवं, चावी दे यायले. फसणारं माणूस हाये, फसवणारं नाई."

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, अशी मला वरच्या मजल्याची खोली मिळाली. मी मूळची चांदूर रेल्वेची. विम्याच्या कचेरीत नवीनच लागले होते. काकाजी म्हणजे माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना काकाजीच म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

ते कापसाचे ग्रेडर होते. आयुष्यभर खरेदी केंद्रांवर आणि जिनिंगच्या आवारांत उभं राहून मुठीतला कापूस ओढायचा, धाग्याची लांबी सांगायची आणि मालाची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. त्यांनी एकदा प्रत सांगितली की व्यापारी दुसऱ्याला विचारायला जात नसत. एका व्यापाऱ्याने घरी संत्र्यांची पेटी पाठवली होती म्हणे. काकाजींनी त्यातलं एक संत्रं सोलून खाल्लं, पेटीवर खडूने 'गुड' लिहिलं आणि पेटी परत पाठवून दिली. त्या व्यापाऱ्याच्या कापसाला मात्र 'फेअर'च दिलं. फेअर म्हणजे सगळ्यांत खालची प्रत.

निवृत्तीनंतर कापूस गेला, पण प्रत देणं गेलं नाही. काकूंची कढी गुड. शेजारच्यांच्या मुलीचं गाणं फेअर. महापालिकेचा नवा रस्ता फेअरच्याही खाली. एकदा जेवताना त्यांनी स्वतःच्या लग्नालाही प्रत दिली, 'फाईन'. काकूंनी लगेच विचारलं, "सुपर फाईन काहून नाई?"

"पंगतीत वरणाले मीठ कमी होतं."

"माह्या बापाच्या वरणाचं अजून काढून राहिले!" काकू म्हणाल्या आणि ताटातली पोळी जरा जोरातच वाढली.

अभिमान होता तो डोळ्यांचा. भिंग म्हणजे आळशी माणसाचं काम, असं ते म्हणत. चष्मा होता, पण खिशात. पेपर रोज बाहेरच्या पायरीवर, उन्हात बसून वाचायचे आणि रोज छपाईला शिव्या द्यायचे. शाई पातळ झाली, कागद पिवळा झाला, बल्ब पूर्वीसारखे राहिले नाहीत. रस्त्यात मी समोरून आले तरी ते सरळ निघून जात. मी हाक मारली की दचकून थांबत आणि मलाच म्हणत, "आवाज देत जा ना म्याडम, चुपचाप काहून जाता?"

टाकीचं वेड लागलं ते अमरावतीच्या एका लग्नात. हॉटेलात स्वागतसमारंभ होता. तिथे भिंतीएवढी काचेची पेटी, आत निळे दिवे, नारिंगी मासे. काकाजी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले ते नवरानवरीला भेटायलाही उठले नाहीत. तिथल्या कोणीतरी सांगितलं की हे समुद्राचं पाणी आहे, खारं. अकोल्याच्या उन्हात हे होणं शक्य नाही.

एवढं पुरलं. 'अकोल्यात होत नाही' हे वाक्य ऐकून घेणं काकाजींच्या स्वभावात नव्हतं.

पुढच्या महिन्याभरात त्यांच्या बैठकीच्या खोलीत टाकी आली, पंप आला, दिवे आले आणि ज्या घरात माणसांसाठी कधी लागला नव्हता तो एसी लागला. काकू जिना चढून खास मला सांगायला आल्या. "पाह्य पोरी. मी दर उन्हायात म्हनत होती, एसी लावा. तर मले कूलर. अन् मासोयाले एसी! अन् मासोया तर अजून यायच्याच हायेत." त्यातून नळ आठवड्यातून एकदा येणार, आणि त्या पाण्यात हा माणूस मीठ कालवणार.

मासे आले नव्हते हे खरं. अमरावतीच्या दुकानदाराने बजावलं होतं, आधी पाणी मुरू द्या, निदान महिनाभर. तोवर टाकीत फक्त खारं पाणी, वाळू आणि भोकाभोकांचे दगड ठेवायचे. हे दगड आधी समुद्राच्या पाण्यात ठेवलेले असतात. म्हणून गल्लीतली माणसं टाकी बघायला येत, दगड बघत, चहा पीत आणि जिन्याखाली जाऊन हसत. काकाजींना त्याचं काही नव्हतं. ते रोज संध्याकाळी टाकीसमोर बसत आणि दगडांकडे बघत.

मग एका रविवारी दुपारी माझं दार वाजलं. मी झोपेतून उठून उघडलं तर काकाजी.

"म्याडम, तुमी वरून काही ठोकून राहिल्या का?"

"नाही हो. झोपले होते मी."

"खिळा? खलबत्ता? काहीच नाई?"

त्यांना पटलं नाही. मला खाली घेऊन गेले आणि खुर्चीवर बसवलं. एसीच्या घरघरीत आम्ही तिघं गप्प बसलो. थोड्या वेळाने आवाज आला. टक्. अगदी बांगडी फरशीवर आपटावी तसा. मग पुन्हा. टक्.

"आता या इथी बसल्या हायेत," काकाजी म्हणाले. "म्हंजे यायनं नाई ठोकलं." मी निर्दोष सुटले.

"काच तडकून राहिली!" काकू उठल्या. त्यांनी आधी आपलं शिलाई मशीन ओढून दुसऱ्या खोलीत नेलं, मग मोबाईलचा टॉर्च लावून टाकीपुढे बसल्या. मीही बसले. काचेवर तडा कुठे दिसतो का ते आम्ही कोपऱ्यापासून बघत निघालो. तडा कुठेच नव्हता. पण काकूंचा हात एका जागी थांबला.

"बाप्पा! हे काय चालून राहिलं वं?"

काचेच्या आतल्या बाजूला खसखशीचे दाणे चालत होते. पांढरे, इवलेसे. थांबायचे, झटक्यात पुढे जायचे, पुन्हा थांबायचे. एकदा दिसायला लागले तसे ते सगळीकडे दिसू लागले. जिऱ्याएवढं काहीतरी वाकडं होऊन दगडाच्या भोकात शिरलं. एका दगडाच्या कडेवर केसासारखे दोन धागे हलत होते, हात लांब करून काही वेचल्यासारखे. वाळूत मोहरीएवढी शंखाची गोगलगाय होती. आम्ही तर फक्त पाणी आणि दगड आणले होते. हे सगळं बिऱ्हाड कधी आलं, कुठून आलं, काही कळेना.

"काकाजी, या, बघा!"

ते आले. वाकले. काकूंनी टॉर्च धरलेल्या जागी बराच वेळ बघत राहिले. मग सरळ झाले.

"काच घासलेली हाये. जुनी काच मारली त्या दुकानदारानं माह्या गळ्यात."

"अवो, चालून राहिले ना ते!"

"पाणी हालते. म्हून तसं वाटते."

"हा पाहा, वर चढला."

"काही नाई तथी," काकाजी म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले.

तीन-चार दिवस घरात हाच विषय. काकू रोज नवीन काही बघायच्या आणि सांगायच्या. काकाजी रोज म्हणायचे, भास. शेवटी त्यांनी जाहीर केलं की शनिवारी अमरावतीला जायचं, टाकीतलं पाणी बरोबर न्यायचं आणि दुकानदाराच्या तोंडूनच ऐकायचं की त्यात काही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी मला जिन्यात थांबवलं. "तू उद्या घरी जाशीन ना चांदूरले? त्यायच्या संगं जा. बडनेऱ्यापर्यंत तरी. तथून ते अमरावतीले वळतीन."

"जाईन की. पण काकू, त्यांना खरंच दिसत नाही का?"

त्यांनी आधी खाली बघून घेतलं. "कवाचं दिसत नाई नीट. मोतीबिंदू असन. मी डोयाचं नाव काढलं का ताट सारते अन् उठून जाते. आयुष्यभर डोयाचंच खाल्लं ना त्यायनं. आता त्याच डोयाले कसं म्हनन का तू गेला?"

शनिवारी सकाळी आम्ही गाडीत बसलो. काकूंनी लोणच्याची काचेची बरणी घासून, त्यात टाकीतलं पाणी भरून दिली होती. काकाजी ती मांडीवर धरून खिडकीशी बसले. गाडी सुटली, तशी समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं. म्हाताऱ्या होत्या, मेथीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या.

"गंगाजल हाये का बाप्पा?"

"पानी हाये. बाकी काहीच नाई," काकाजी म्हणाले. "माह्या बायकोले अन् या म्याडमले त्याच्यात किडे दिसते."

"दाखवा बरं."

बाईंनी बरणी घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "काहीच नाई कसं? जित्ते हायेत ना हे! हा पाहा कसा उडी मारते."

शेजारच्या माणसाने मान पुढे केली. त्याच्या शेजारच्याने मोबाईल काढला, बरणीचा फोटो घेतला आणि बोटांनी मोठा केला. "अरे वा! याच्या शेपटीले तर दोन थैल्या लटकून राहिल्या."

बाईंनी फोटो बघितला. "गाभण असन ते," त्या ठामपणे म्हणाल्या.

मग काय! बरणी पूर्ण डब्यात फिरली. कोणी म्हणालं झिंगे आहेत, कोणी म्हणालं डासांची पिल्लं, कोणी म्हणालं पिऊ नका बरं का. तिकीट तपासनीस आले, त्यांनी आधी बरणी बघितली आणि मग तिकिटं मागितली. मूर्तिजापूर येईपर्यंत त्या डब्यात एकही माणूस उरला नाही ज्याने ते जीव पाहिले नव्हते.

एकच माणूस उरला होता. बरणी हातोहात परत आली तेव्हा काकाजींनी ती दोन्ही हातांत धरून खिडकीसमोर नेली. बाहेर काळं रान मागे पळत होतं, ऊन थेट पाण्यात पडलं होतं. ते बघत राहिले. डोळे बारीक केले, मान तिरपी केली, खिशातला चष्मा काढून लावला. मग बरणी खाली घेतली आणि समोरच्या बाईंना हळूच विचारलं, "तुमाले खरंच दिसले?"

"हो ना! मी का आंधयी हाओ?"

बडनेऱ्यापर्यंत काकाजींनी कशालाच प्रत दिली नाही. स्टेशनवरच्या चहालाही नाही. त्यांना तिथून एकटं पाठवायचं माझ्याच्याने होईना. मी आईला फोन करून सांगितलं की आज येत नाही, आणि त्यांच्याबरोबर अमरावतीच्या ऑटोत बसले.

दुकानदार तिशीतला, मोठ्या उत्साहाचा. त्याने बरणीखाली दिवा धरला आणि खुश झाला. "काकाजी, बढिया झालं! टाकी जिवंत झाली तुमची."

त्याने समजावून सांगितलं. दगडांच्या भोकांत हे जीव, त्यांची अंडी लपून आलेली असतात. पाणी मानवलं की बाहेर पडतात. वाईट काही नाही, उलट माशांना खाऊ होतो. आणि तो टक् आवाज म्हणजे एक बोटाच्या पेराएवढा झिंगा, एक नांगी जोरात मिटून वाजवतो तो. काच शाबूत आहे. "अजून बरंच निघन. नशीब असन तर ताराही निघते एखांदा, तारामासा, पाच पायाचा. मसुरीच्या दाण्याएवढा, पांढरा." मग काकाजींचा चेहरा पाहून त्याला वाटलं, यांना हे आवडलं नाही. "किडे नको असतील तर दगड वापस घेतो मी. कोरडे देतो. एकदम साफ, काही निघनार नाई."

काकाजी बरणीवर हात ठेवून उभे होते. "नोको," ते म्हणाले. "राहू द्या. आले हायेत तर राहू द्या."

बाहेर रस्त्यावर आलो. उन्हात थोडं चालल्यावर ते थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्याडम, तुमच्या ओळखीत डोयाचा डॉक्टर हाये का कोनी?"

"बघते मी. मिळेल की."

"पाहा. अन् घरी मी सांगन. तुमी नका सांगू."

डॉक्टर मिळाले, अकोल्यातच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. इतके दिवस तुम्ही पेपर कसा वाचत होता, असं डॉक्टरांनी विचारलं, तर काकाजी म्हणाले, "मथळे वाचायचो. बाकी अंदाजानं." पण रक्तातली साखर फार वाढलेली निघाली. ती उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. गोड चहासाठी घर डोक्यावर घेणारा माणूस त्या दिवसापासून फिका चहा प्यायला लागला आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

ते वाट बघण्याचे दिवस मला फार आठवतात. कचेरीतून आले की खालून आवाज यायचे. काकाजी खुर्चीत, काकू टाकीसमोर पाटावर.

"आज काय करून राहिले?"

"तो जिऱ्याएवढा हाये ना, तो दुसऱ्या जिऱ्याले पाठीवर घेऊन फिरून राहिला."

"अन् धागेवाला?"

"त्याले आज तिसरा धागा फुटला."

"खरंच?"

"मी का खोटं सांगते?"

त्या दोघांचं एरवीचं बोलणं म्हणजे भाजी काय, नळ आला का, एवढंच. ते आता तासन्‌तास बोलत बसत. काकूंच्या हातचं शिवणकाम तसंच पडून राही. एक दिवस त्यांनी सांगितलं, तारा निघाला. पांढरा, मसुराएवढा. मागच्या मोठ्या दगडाखाली असतो, कधीमधी बाहेर येतो. काकाजी खुर्चीच्या काठावर येऊन बसले. त्यानंतर रोज पहिला प्रश्न ताऱ्याचा. कुठवर चढला, किती वाढला, काय खातो.

मीही उतरून बघितलं. मला काही सापडला नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना काकूंना विचारलं, तर त्या हातातलं धोतर पिळत म्हणाल्या, "नाई निघाला."

"म्हणजे?"

"रोज तेच ते किती सांगू, पोरी? त्यायचा चेहरा पडे. एक दिवस तोंडातून निघून गेलं, तारा निघाला. तर असे खुश झाले, मले मांगं येताच नाई आलं. आता रोज वाढवून राहिली मी त्याले."

"आणि ऑपरेशन झाल्यावर?"

"तेच तर!" काकूंनी धोतर दोरीवर झटकलं. "तवा मरून गेला म्हनन. तू काही सांगू नको बरं त्यायले."

पण ते सांगायचा धीर त्यांना झाला नाही. साखर उतरली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या संध्याकाळी काकूंनी मला मुद्दाम खाली बोलावलं. काकाजी काळा चष्मा काढून टाकीसमोर बसले. काकू त्यांच्या मागे उभ्या.

मग काकाजी हसायला लागले, आवाज न करता. खांदे हलत होते. त्यांनी बोट काचेजवळ नेलं आणि एका खसखशीच्या दाण्यामागे ते बोट सरकवत राहिले, डावीकडे, वर, पुन्हा खाली. "केवढे हायेत वं! अन् मी म्हनलं काच घासली." मग ते आम्हालाच दाखवू लागले. आम्हाला कधी दिसलं नव्हतं ते त्यांना दिसत होतं. पारदर्शक अळीच्या पोटातला हिरवा घास दिसला. दगडाच्या भोकातून डोकावणारी, वाजवणाऱ्या झिंग्याची नांगी दिसली.

आणि मग ते म्हणाले, "तो तारा कुठी असते?"

काकू हळूच म्हणाल्या, "मांगं. मोठ्या दगडाखाली."

काकाजी उठले, टाकीच्या बाजूला गेले, काचेला नाक लावून वाकले. मी काकूंकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात तो झिंगा वाजला, टक्. काकाजी आणखी थोडे वाकले.

"हो," ते म्हणाले. "हाये. दिसला."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"लहान हाये तसा," काकाजी म्हणाले आणि येऊन खुर्चीत बसले.

काकू चहा ठेवायला आत गेल्या. त्यांच्या भांड्यांचा आवाज सुरू झाल्यावर काकाजी माझ्याकडे झुकले. "म्याडम, तारा-बिरा काही नाई तथी."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"काचेत मले तिचा चेहरा दिसून राहिला होता. मांगून. असा घाबरलेला चेहरा मी तिचा कधी पाह्यलाच नव्हता." मग म्हणाले, "तिले सांगू नका."

मी दोघांनाही शब्द दिला होता, आणि दोघांचाही पाळला.

वर्षभराने माझी अमरावतीला बदली झाली. टाकीत तोवर दोन मासे आले होते, नारिंगी, हॉटेलातल्यासारखे. पण काकाजी त्यांच्याकडे फारसं बघत नसत. ते आपले दगडांच्या भोकांत बघत बसायचे, आणि शेजारी पाट टाकून काकू.

मग पावसाळ्यात एका सकाळी काकूंचा फोन आला. गच्चीवरून बोलत होत्या, दबक्या आवाजात. "पोरी, तारा निघाला!"

"काय सांगता!"

"खरंच निघाला, शपथेनं! पांढरा. मसुराएवढा. म्या खोली झाडता झाडता पाह्यला, काचेवर चिपकून होता."

"काकाजींना सांगितलं?"

"कसं सांगू? त्यायनं तर कवाचाच पाह्यला हाये ना!"

फोन ठेवून मी एकटीच हसत बसले. दुपारी कचेरीत पुन्हा फोन वाजला. काकाजी. मागून रस्त्यावरच्या ऑटोंचा आवाज येत होता.

"म्याडम, तारा हाये! खराखुरा! एक पाय आखूड हाये त्याचा, पन चालते व्यवस्थित."

"काकूंना दाखवला?"

"तिले काय दाखवू?" काकाजी म्हणाले. "तिच्या हिशेबानं तो मांगच्या सालपासूनचा हाये."

त्या रविवारी मी अकोल्याला गेले. आम्ही तिघं टाकीसमोर बसलो. तारा दगडाआड होता. चहा झाला, अमरावतीच्या गप्पा झाल्या, आणि मग तो हळूहळू पुढच्या काचेवर चढून आला. अगदी मध्यभागी, आम्हा तिघांच्या समोर. काकूंनी कप खाली ठेवला. काकाजींनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. काकूंनीही बघितलं. मी बशीतला चिवडा निवडत बसले.

शेवटी काकाजी घसा खाकरून म्हणाले, "मोठा झाला ना हा बराच?"

"मंग!" काकू म्हणाल्या. "केवढासा होता."